प्रबंधाचा प्रवास : वैद्यक, मानसशास्त्र आणि कुटुंब-अभ्यास

प्रास्ताविक

पदवीच्या शेवटच्या वर्षात बहुतेक विद्यार्थ्यांना एखादा प्रकल्प-अहवाल लिहावा लागतो. पुढे एम.ए., एम.डी. किंवा पीएच.डी. केली तर प्रबंध लिहावा लागतो. 'लिहावा लागतो' हा शब्दप्रयोगच बोलका आहे. आपल्याकडे प्रबंध म्हणजे पदवीच्या वाटेवरचा एक टोलनाका मानला जातो. पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि पुढे जायचे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. मागच्या वर्षीच्या अहवालातली नावे बदलून नवा अहवाल बांधून आणण्याची पद्धत माझ्या क्षेत्रात कोणाला नवी नाही.

पण प्रबंध नावाची गोष्ट आली कुठून? ती कोणी, कशासाठी आणि कोणाविषयी लिहिली? या टिपणात आपण तीन विद्याशाखांमधून या प्रश्नांचा मागोवा घेऊ : वैद्यक, मानसशास्त्र आणि कुटुंब-अभ्यास. या तिन्ही शाखा एकत्र घेण्याचे कारण साधे आहे. तिन्हींचा विषय जिवंत माणूस आहे, आणि तोही त्याच्या सर्वांत खासगी अवस्थेतला : आजारात, मनाच्या अस्वस्थतेत आणि घराच्या चार भिंतींत. पोलादाची सळई ताणून तोडली तर ती तक्रार करत नाही. माणसाविषयी लिहिताना मात्र लिहिणाऱ्यावर वेगळी जबाबदारी येते. ही जबाबदारी प्रबंधाच्या इतिहासात हळूहळू कशी उमगत गेली, हेही आपल्याला पाहायचे आहे.

१. बाझलमधला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी

१६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठात योहान्नेस होफर नावाच्या विद्यार्थ्याने वैद्यकाचा प्रबंध सादर केला. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे हे टिपण वाचणाऱ्या अनेकांच्या वयाचा. त्याचा विषय होता घराची ओढ. परमुलखात गेलेली माणसे घराच्या आठवणीने झुरतात, त्यांची झोप जाते, अन्नावरची वासना उडते, ताप येतो, हे लोकांना माहीत होते. पण वैद्यकाच्या पुस्तकांत या अवस्थेला नाव नव्हते. होफरने 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून नवा शब्द घडवला : नॉस्टॅल्जिया.

त्याने दिलेल्या उदाहरणांत बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण आहे. त्याची प्रकृती इतकी ढासळली की आशा सुटली होती. त्याला घरी न्यायचे ठरले आणि वाटेतच तो सुधारू लागला. दुसरे उदाहरण पडून जखमी झाल्यामुळे रुग्णालयात ठेवलेल्या एका खेड्यातल्या तरुणीचे आहे. ती औषध आणि अन्न नाकारत राहिली आणि घरी जायचे आहे एवढेच म्हणत राहिली. घरी पाठवल्यावर ती बरी झाली.

या छोट्या लॅटिन प्रबंधात आपल्या तिन्ही शाखा एकत्र नांदताना दिसतात. लक्षणे शरीराची, दुखणे मनाचे आणि उपाय कुटुंबाचा. विद्याशाखांच्या भिंती नंतर उभ्या राहिल्या. होफरने केलेल्या कामातले एक काम आजही प्रबंधाकडून अपेक्षित असते : सगळ्यांना दिसणाऱ्या पण कोणीच नीट न मांडलेल्या गोष्टीला नाव देणे आणि ती उदाहरणांसह मांडणे.

२. 'थीसिस' म्हणजे नेमके काय

'थीसिस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'मांडलेली गोष्ट', म्हणजे सभेपुढे ठेवलेले विधान. मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांत परीक्षा लेखी नसे, ती वादसभा असे. विद्यार्थी एखादे विधान मांडी, विरोधक त्यावर आक्षेप घेत आणि विद्यार्थी तोंडी बचाव करी. आपल्याकडच्या न्यायशास्त्राच्या पाठशाळांतील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. आजचा 'व्हायवा' हा त्याच वादसभेचा अवशेष आहे. छापील प्रबंध सुरुवातीला त्या सभेची पूर्वसूचना असल्यासारखा होता.

म्हणूनच प्रबंध कोणी लिहिला, यापेक्षा त्याचा बचाव कोणी केला, याला जुन्या काळी जास्त महत्त्व होते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात अनेकदा प्राध्यापकच मजकूर तयार करी. विद्यार्थी त्याचा बचाव करी आणि छपाईचा खर्च सोसे. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस याच्या अध्यक्षतेखाली असे १८६ प्रबंध सादर झाले आणि त्यांतील विचार बहुतांशी त्याचेच मानले जातात. खुद्द लिनिअसने १७३५ साली नेदरलँड्समधील हार्डरवेक येथे हिवतापाच्या कारणांवरील प्रबंध देऊन आठवड्याभरात वैद्यकाची पदवी मिळवली होती. प्रबंध त्याने घरूनच लिहून नेला होता.

याचा अर्थ जुने प्रबंध सगळे पोकळ होते असा नाही. जोसेफ ब्लॅकने १७५४ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाचा प्रबंध दिला. पोटातील आम्लावर उपयोगी पडणाऱ्या मॅग्नेशियाच्या क्षाराचा तो अभ्यास होता. त्याच प्रयोगांतून पुढे 'बद्ध वायू'चा, म्हणजे आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्याचा, शोध निश्चित झाला. पोटदुखीच्या औषधापासून सुरू झालेला विद्यार्थ्याचा प्रबंध रसायनशास्त्राला नवी दिशा देऊन गेला.

प्रबंधात काही नवे, स्वतः शोधलेले असलेच पाहिजे, हा आग्रह मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांचा. १८१० साली स्थापन झालेले बर्लिन विद्यापीठ हा त्याचा नमुना. ही पद्धत अमेरिकेत गेली आणि येल विद्यापीठाने १८६१ साली तिथली पहिली पीएच.डी. दिली. ब्रिटनमध्ये ही पदवी १९१७ पासून रुजली.

३. फिलाडेल्फिया, १८८६

भारतीय वाचकाच्या दृष्टीने वैद्यकाच्या प्रबंधांचा इतिहास सांगताना एक प्रबंध टाळता येत नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी यांना पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची एम.डी. पदवी मिळाली. त्या वेळी त्यांचे वय वीस होते. १८५० साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयात पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थिनीला प्रबंध लिहावा लागे. अनेकींनी एखादे इंद्रिय किंवा एखादा रोग निवडला. उदाहरणार्थ, १८६७ साली तिथून पदवी घेणाऱ्या रिबेका कोल या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीचा प्रबंध डोळ्यावर होता. आनंदीबाईंनी मात्र 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' हा विषय निवडला.

त्यामागचे आयुष्य थोडक्यात आठवावे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्म. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. १८८३ साली परदेशी जाण्याआधी श्रीरामपूरला केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, आणि आपण त्यासाठीच जात आहोत. लाजेपायी पुरुष वैद्याला दाखवता येत नाही म्हणून बायका उपचारांवाचून राहतात, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. तेव्हा प्रसूती हा विषय त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकातला एक धडा नव्हता.

या प्रबंधात त्यांनी एकीकडे संस्कृत परंपरेतील गर्भिणी, प्रसूती आणि बालसंगोपन यांविषयीचे विचार आणि दुसरीकडे अमेरिकेत शिकलेले वैद्यक असे दोन्ही आधार घेतले. परदेशी परीक्षकांपुढे आपल्या समाजाचे ज्ञान ज्ञान म्हणून मांडण्याचे धाडस त्यात आहे. अमेरिकन परीक्षकांना ठाऊक नसलेल्या गोष्टी विद्यार्थिनी त्यांना सांगत होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र कौतुकापाशी थांबू नये. शीर्षक पुन्हा वाचा. 'आर्य हिंदू' हा शब्दप्रयोग त्या काळच्या सुशिक्षित वर्गात रूढ होता आणि त्यात ग्रंथांतील, उच्चवर्णीय परंपरेकडे झुकलेले माप आहे. प्रत्यक्षात त्या काळी देशातली बहुसंख्य बाळंतपणे सुइणींच्या हातून होत. सुईण लिहीत नव्हती, तिचे ज्ञान ग्रंथात नव्हते. ग्रंथात आहे ते 'परंपरा' ठरते आणि हातात आहे ते नोंदीबाहेर राहते. प्रबंधाचा विषय ठरवताना कोणता पुरावा आत येतो आणि कोणता बाहेर राहतो, हे शीर्षकातच कसे ठरून जाते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

परत आल्यावर आनंदीबाईंची कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर नेमणूक झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. रुग्णसेवेची संधी त्यांना मिळाली नाही. त्यामुळे वैद्य म्हणून त्यांचे विचार समजून घ्यायचे तर हाती राहतो तो विद्यार्थिदशेतला हा प्रबंध. फिलाडेल्फियातील संग्रहाने तो जपला, म्हणून आज तो वाचता येतो. जपणूक या मुद्द्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

इकडे कलकत्ता विद्यापीठाने एम.डी. पदवी १८६०च्या दशकातच द्यायला सुरुवात केली होती. १८६३ साली ती मिळवणाऱ्या महेंद्रलाल सरकार यांनी पुढे १८७६ साली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था उभारली. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९०२ साली एम.डी. आणि १९०४ साली रक्तपेशींच्या विघटनावरील प्रबंधासाठी पीएच.डी. मिळवली. काळाआजारावरील युरिया स्टिबामाइन हे औषध त्यांनीच पुढे तयार केले. ब्रिटनमध्ये पीएच.डी. रुजण्याआधी कलकत्त्यात ती दिली गेली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

४. मानसशास्त्र : प्रबंध आहे, पदवी नाही; पदवी आहे, गुरू नाही

मानसशास्त्र ही शाखा वैद्यक आणि तत्त्वज्ञान यांच्या मधल्या जागेत जन्मली. विल्हेल्म वुंट मुळात वैद्य. त्याने १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली. अमेरिकेत स्टॅन्ली हॉल याला १८७८ साली हार्वर्डमधून मानसशास्त्रीय विषयावर पीएच.डी. मिळाली. त्याच हार्वर्डमध्ये मेरी व्हिटन काल्किन्स यांनी प्रबंध पूर्ण केला आणि १८९५ साली परीक्षकांसमोर त्याचा बचाव केला. स्मृतीच्या प्रयोगांत आजही वापरली जाणारी जोड्या लक्षात ठेवण्याची पद्धत त्यांच्या कामातून आली. परीक्षक समाधानी होते. पण त्या स्त्री असल्यामुळे विद्यापीठाने पदवी नाकारली. काही वर्षांनी महिलांच्या रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी देऊ केली गेली तेव्हा काल्किन्स यांनी ती घेतली नाही. काम हार्वर्डमध्ये केले, तर पदवीही तिथलीच हवी, असे त्यांचे म्हणणे होते. १९०५ साली त्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. प्रबंध खरा की पदवी खरी, या प्रश्नाचे उत्तर या प्रसंगात शोधावे.

भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत गिरींद्रशेखर बोस नावाचे एक डॉक्टर होते. १९१० साली वैद्यकाची पदवी घेऊन त्यांचा दवाखाना चालू होता. तरीही त्यांनी विद्यार्थी होऊन १९१७ साली एम.ए. केले आणि १९२१ साली 'दमनाची संकल्पना' या विषयावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली. मनोविश्लेषण शिकायला ते व्हिएन्नाला गेले नव्हते. उपलब्ध पुस्तके आणि स्वतःचे रुग्ण एवढ्या भांडवलावर त्यांनी सिद्धान्त मांडला. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिची विरुद्ध इच्छा असते आणि दोन्हींच्या ओढाताणीतून दमन घडते, असा त्याचा गाभा.

प्रबंधाचे पुस्तक झाल्यावर त्यांनी ते सिग्मंड फ्रॉइडला पाठवले. इतक्या दूरच्या देशात आपल्या विषयात एवढा रस घेतला जातो आहे, याचे फ्रॉइडला आश्चर्य वाटले आणि पुढे दोघांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. १९२२ साली बोस यांच्या कलकत्त्यातील घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. पण बोस होकाराला होकार देणारे शिष्य नव्हते. १९२९ च्या सुमारास त्यांनी आपले काही निबंध फ्रॉइडकडे पाठवले. मुलाच्या मनातील बापाविषयीच्या भीतीची फ्रॉइडने जी मांडणी केली होती, ती आपल्या भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही, असे त्यांनी नोंदवले. युरोपातल्या घरांवरून बेतलेला सिद्धान्त जगातल्या सगळ्या घरांना लागू पडतो का, असा हा प्रश्न होता. मानसशास्त्राचा प्रवास इथे कुटुंब-अभ्यासाच्या दाराशी येतो.

विद्यार्थ्याने आपल्या अनुभवातून विषय मांडला आणि विद्यापीठाने तो स्वीकारला नाही, असेही घडले आहे. मार्टिनिक बेटावरून फ्रान्सच्या लिऑनला वैद्यक शिकायला आलेल्या फ्रान्झ फॅनन याने वर्णद्वेषाचा काळ्या माणसाच्या मनावर होणारा परिणाम हा विषय प्रबंधासाठी पुढे केला होता. तो मान्य झाला नाही. १९५१ साली त्याने एका आनुवंशिक मज्जाविकारातील मानसिक लक्षणांवर रीतसर प्रबंध देऊन पदवी घेतली. नाकारलेला मजकूर १९५२ साली 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' या नावाने पुस्तकरूपात आला आणि जगभर वाचला गेला. स्वीकारलेला प्रबंध आज मुख्यतः अभ्यासकांनाच माहीत आहे.

५. कुटुंब-अभ्यास : घराची मोजदाद

कुटुंबाचा शास्त्रीय अभ्यास भारतात कसा आला, हे सांगताना एका इंग्रज वैद्याचे नाव घ्यावे लागते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याने १८८८ साली लंडनची एम.डी. घेतली, पुढे केंब्रिजमध्ये प्रायोगिक मानसशास्त्र शिकवले आणि १८९८ साली टॉरस सामुद्रधुनीच्या मोहिमेत तो सामील झाला. तिथे लोकांची दृष्टी आणि श्रवण तपासताना त्यांची नाती नोंदवण्याची गरज त्याला जाणवली. आई-बापांची, भावंडांची, मुलांची नावे विचारत वंशवृक्ष तयार करण्याची पद्धत त्याने बसवली. पुढे नीलगिरीतील तोडा जमातीवर त्याने लिहिलेला ग्रंथ १९०६ साली आला. पहिल्या महायुद्धात युद्धाच्या धक्क्याने खचलेल्या अधिकाऱ्यांवर त्याने उपचार केले. वैद्यक, मानसशास्त्र आणि नातेसंबंधांचा अभ्यास एकाच माणसाच्या कामात आलेला असा दुसरा नमुना विरळाच.

या रिव्हर्सच्या हाताखाली केंब्रिजमध्ये शिकायला गेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. १९२२ साली रिव्हर्स अचानक वारला. घुर्ये यांनी ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पूर्ण केला आणि १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. पॅट्रिक गेडिस याने १९१९ साली सुरू केलेल्या या विभागातून देशभरच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध बाहेर पडू लागले. म्हैसूरहून आलेल्या एम. एन. श्रीनिवास यांचा एम.ए.चा प्रबंध 'मॅरेज अँड फॅमिली इन म्हैसूर' या नावाने १९४२ साली पुस्तक होऊन आला. घुर्ये यांचेच विद्यार्थी के. एम. कापडिया यांचे हिंदू नातेव्यवस्थेवरील पुस्तक १९४७ साली आले. विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रांतातले, भाषेतले घर अभ्यासावे, ही रीत इथे पडली.

इरावती कर्वे यांची वाट थोडी वेगळी होती. घुर्ये यांच्याकडे एम.ए.चा प्रबंध लिहून त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या. तिथे ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत त्यांना मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता तपासण्याचा विषय मिळाला. वंशांमध्ये उच्चनीचता असते असे मानणाऱ्या विचारांचा तो अड्डा होता. फिशर यांचे नाव पुढे नाझी वंशधोरणाशी जोडले गेले. कर्वे यांनी कवट्या मोजल्या. मोजमापातून असमानतेचा वंशाशी संबंध निघाला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशातल्या, एकट्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाला सोयीचा नसलेला निष्कर्ष लिहायला काय लागत असेल, याची कल्पना प्रत्येक शोधविद्यार्थी करू शकतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये काम करताना त्यांनी कवट्यांकडून नात्यांकडे मोर्चा वळवला. १९५३ साली आलेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात त्यांनी उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडून भारतातील नात्यांची रचना उलगडली. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात दिली जाते, तर दक्षिणेत मामाशी, आतेभावाशी किंवा मामेभावाशी लग्न होऊ शकते, हा फरक एका मुलीच्या आयुष्यात केवढा असतो, हे त्यातून कळते.

या परंपरेने रूढ समजांनाही धक्का दिला. 'पूर्वी सगळे एकत्र कुटुंबात राहत, आता शहरीकरणाने कुटुंब मोडले' हे वाक्य आपण निबंधात बिनदिक्कत लिहितो. आय. पी. देसाई यांचा गुजरातेतील महुवा गावातील कुटुंबांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला, तर ए. एम. शहा यांचे कुटुंबातील 'घर' या घटकावरचे पुस्तक १९७३ साली. एका चुलीवर जेवणारे लोक आणि एका कुटुंबाचे लोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवले. वेगळे राहणारे भाऊ जमीन, कर्ज, लग्नकार्य यांत एकत्र असू शकतात. शिवाय कोणतेही घर कायम लहान किंवा कायम मोठे राहत नाही. मुले होतात, सुना येतात, वाटण्या होतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

कुटुंब-अभ्यासाचा दुसरा उगम गृहविज्ञानात आहे. १९३२ साली दिल्लीत लेडी अर्विन कॉलेज सुरू झाले, स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा आली. बालविकास, पोषण, घरखर्च या 'बायकांच्या' समजल्या गेलेल्या विषयांवर इथल्या विद्यार्थिनींनी प्रबंध लिहिले. समाजशास्त्राच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. आनंदीबाईंच्या प्रबंधाबाहेर राहिलेल्या सुइणीसारखीच ही गोष्ट आहे.

६. प्रबंधातला माणूस

आतापर्यंत आपण प्रबंध लिहिणाऱ्यांविषयी बोललो. पण होफरच्या प्रबंधातल्या त्या तरुणीला आपण प्रबंधात जाणार आहोत हे माहीत होते का? तिला कोणी विचारले असण्याची शक्यता कमीच. तशी कल्पनाच नव्हती.

ती कल्पना यायला भयंकर किंमत मोजावी लागली. नाझी छळछावण्यांत माणसांवर झालेल्या वैद्यकीय प्रयोगांच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली. माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हे तिचे पहिले कलम. १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली मानवी संशोधनाच्या नीतीविषयी धोरण जाहीर केले, आणि पुढे सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०१७ची आवृत्ती वैद्यकाबरोबर सामाजिक-वर्तनविषयक आरोग्य संशोधनालाही लागू होते. म्हणून आज एम.डी.च्या विद्यार्थ्याला रुग्णांची माहिती गोळा करण्याआधी नीती समितीची मंजुरी आणि रुग्णाच्या भाषेतले संमतीपत्र लागते.

संमतीपत्र हा कागद आहे. संमती ही कागदापलीकडची गोष्ट आहे. रांगेत तीन तास उभा राहून आत आलेला रुग्ण डॉक्टरांपुढे 'नाही' म्हणू शकतो का? सासूसमोर बसलेली सून घरातल्या वागणुकीविषयी खरे उत्तर देईल का? नाव बदलले, पण गाव, जात, व्यवसाय तसेच ठेवले तर त्या माणसाची ओळख लपते का? कुटुंब-अभ्यासात तर एका माणसाने दिलेल्या उत्तरात घरातल्या इतर चौघांची गुपिते असतात आणि त्या चौघांनी कशावरही सही केलेली नसते. हे प्रश्न फॉर्म भरून संपत नाहीत.

विश्वासाने काय साधते, याचे एक भारतीय उदाहरण आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. घरचे लोक शुश्रूषेत सहभागी झाले, आजार समजून घेऊ लागले आणि रुग्ण घरी परतू लागले. वेल्लोर आणि बंगळूर येथेही कुटुंबाला सोबत घेऊन उपचार करण्याची पद्धत विकसित झाली. बाझलच्या विद्यार्थ्याने १६८८ साली घरी पाठवून जे साधल्याचे नोंदवले, ते इथे घरालाच रुग्णालयात आणून साधले.

७. कपाटापासून शोधगंगेपर्यंत

प्रबंध लिहून झाला, व्हायवा झाला, काळ्या किंवा निळ्या कापडी बांधणीची प्रत ग्रंथालयात गेली. पुढे? बहुतेक प्रबंधांची गोष्ट कुलूपबंद कपाटात संपत असे. एखादी प्रत वाळवी, ओल किंवा आग यांची धनी झाली की ते ज्ञान कायमचे गेले.

श्रीनिवास यांच्या बाबतीत एक प्रसंग घडला. १९७० साली ते अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे होते. रामपुरा या कर्नाटकातील गावाविषयी वर्षानुवर्षे खपून तयार केलेल्या त्यांच्या टिपणांच्या प्रती तिथे लावल्या गेलेल्या आगीत जळाल्या. त्यांनी मुख्यतः आठवणींच्या आधारे लिहिलेले 'द रिमेंबर्ड व्हिलेज' हे पुस्तक १९७६ साली आले. पण प्रत्येक संशोधकाला असे पुस्तक लिहिता येईल यावर विसंबता येत नाही.

२००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला की एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करावी. त्यासाठी इन्फ्लिबनेट या संस्थेने उभारलेला साठा म्हणजे शोधगंगा. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही मोफत वाचता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला कलकत्त्याचा किंवा कोट्टयमचा प्रबंध घरबसल्या वाचता येणे ही मोठी गोष्ट आहे. २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आणि ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द. प्रबंध उघड्यावर आला की चोरीही उघड्यावर येते.

पण यात एक मोठी फट आहे. तो नियम एम.डी. आणि एम.एस.च्या प्रबंधांना लागू नव्हता. दरवर्षी देशभरचे निवासी डॉक्टर सरकारी रुग्णालयांतल्या रुग्णांच्या आधारे प्रबंध लिहितात : कुठे सर्पदंश, कुठे गर्भिणींमधील पंडुरोग, कुठे कीटकनाशकाची विषबाधा. यातले बरेचसे काम नियतकालिकांत छापले जात नाही. अपेक्षित निष्कर्ष निघाला नाही म्हणून मागे पडलेले काम तर हमखास राहते. ज्या रुग्णांनी सही करून आपली माहिती दिली, त्यांना सांगितले गेले होते की याचा उपयोग पुढच्या रुग्णांना होईल. प्रबंध कपाटात राहिला तर ते वचन पाळले गेले असे म्हणता येत नाही.

८. सारांश

प्रबंध आधी तोंडी वादाची पूर्वसूचना होता, मग प्राध्यापकाच्या विचारांचे वाहन झाला, मग स्वतंत्र शोधाचा पुरावा. वैद्यक, मानसशास्त्र आणि कुटुंब-अभ्यास यांत त्याचे मोल तेव्हा वाढले जेव्हा विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले, प्रचलित चौकटीत न बसणारे काही प्रामाणिकपणे लिहिले : होफरने घराची ओढ, आनंदीबाईंनी आपल्या देशातली प्रसूती, बोस यांनी आपले रुग्ण आणि कर्वे यांनी मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध गेलेले आकडे. हे सगळे जण तेव्हा विद्यार्थी होते. प्रत्येक काळात कोणाला लिहू दिले जाते, कोणाला पदवी मिळते आणि कोण नोंदीबाहेर राहते, हेही प्रबंधांतूनच वाचता येते.

विचारासाठी प्रश्न

१. होफरच्या प्रबंधातील दोन उदाहरणे आजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना लावून पाहा. हा आजार आहे, मनःस्थिती आहे की कुटुंबाशी असलेल्या नात्याचा प्रश्न? तुमचे उत्तर कोणत्या शाखेकडे झुकते आणि का?

२. आनंदीबाईंच्या प्रबंधाचे शीर्षक तुम्हाला आज द्यायचे असेल तर काय द्याल? तुमच्या शीर्षकामुळे कोणता नवा पुरावा आत येईल?

३. शोधगंगेवर तुमच्या जिल्ह्यातील कुटुंब किंवा आरोग्य या विषयावरचा एक प्रबंध शोधा. त्यातील पद्धतीचे प्रकरण वाचा. माहिती कोणी दिली, संमती कशी घेतली आणि निष्कर्ष त्या लोकांपर्यंत परत पोहोचला का, हे एका पानात लिहा.

४. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तुम्ही स्वतः पाहिलेली, मोजलेली किंवा विचारलेली एक गोष्ट कोणती असेल? अहवालाला सुरुवात करण्याआधी ती एका वाक्यात लिहून आपल्या शिक्षकांना दाखवा.